न हरवलेला रोटर

यंदाच्या उन्हाळ्यात मी गॅरेजचं दार न उघडताच गाडी मागे घेतली.

दार पडलं नाही. बाहेरच्या बाजूला फुगून, गालात लाडू धरलेल्या पोरासारखं उभं राहिलं. समोरचा शेजारी गवत कापत होता, त्याने मशीन बंद केलं. अमेरिकेत शेजाऱ्याने गवत कापायचं मशीन बंद केलं, की समजावं प्रसंग गंभीर आहे. आवाज ऐकून माझी बायको मंजिरी गॅरेजमध्ये आली. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

"आणि लोक ह्याच्याकडे ड्रायव्हिंग तपासून घ्यायला येतात," ती म्हणाली.

येतात, हे खरं आहे. शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये आम्ही राहतो. तिथल्या एका हॉस्पिटलात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणानंतर माणसाला आंघोळ, स्वयंपाक, शर्टाची बटणं अशी रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा. त्यातला माझा तुकडा एकच: गाडी चालवणं. पक्षाघातातून उठलेले, पार्किन्सन्सवाले, विसरायला लागलेले आजी-आजोबा डॉक्टरांकडून माझ्याकडे येतात. आधी टेबलावर त्यांची नजर, स्मरण, पाय किती लवकर ब्रेकवर जातो ते बघतो. मग हॉस्पिटलच्या गाडीतून रस्त्यावर. त्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे. ॲक्सिलरेटर नाही, स्टिअरिंग नाही, फक्त ब्रेक. ह्या धंद्याचं सार एवढंच.

लोकांना वाटतं मी सिग्नल तोडणारे पकडतो. छे. मी बारीक गोष्टी ऐकत असतो. लेन बदलून झाल्यावर इंडिकेटर तसाच टिकटिकत राहिला आणि चालवणाऱ्याला तो ऐकूच आला नाही, की माझं पेन हलतं. माझा अहवाल डॉक्टरकडे जातो, तिथून राज्याकडे, आणि लायसन्स रद्द होतं. आमच्या गावात फुटपाथ मध्येच संपतात, बस कुठून कुठे जाते ते बसवाल्यालाच ठाऊक. इथे लायसन्स गेलं म्हणजे दूध आणणं गेलं, देऊळ गेलं, ब्रिजचा डाव गेला. लोक राज्याला शिव्या देत नाहीत, मला देतात. एका गृहस्थांना मी नापास केलं, तेव्हापासून ते दर नाताळला मला आपल्या झिजलेल्या बुटांचा फोटो पाठवतात. मजकूर काही नसतो.

ते परवडले. एक बाई होत्या, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या. इतकं देखणं ड्रायव्हिंग मी क्वचित पाहिलं. रेल्वेचं फाटक आलं की थांबायच्या, काच खाली करायच्या, गाडी येतेय का म्हणून कान द्यायच्या, आणि मगच पुढे. बसवाल्यांना तसा नियमच असतो. शेवटी मी म्हटलं, "छान. आता परत हॉस्पिटलला चला." त्यांनी माझ्याकडे हसून पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या?" आम्ही तिथूनच निघालो होतो. परत आल्यावर त्यांनी मला मिठी मारली. त्यांना वाटलं, आपण पास झालो.

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला "तुमच्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं होतं. मी प्रयत्न करतो आहे.

आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. ज्यांना विसर पडतो त्यांना 'आता चालवू नका' हे सांगितलेलंही लक्षात राहत नाही. ते उठतात आणि गाडीशी जातात. अशा वेळी आम्ही घरच्यांना सुचवतो, गाडी गुपचूप बंद पाडा. बॅटरीची वायर सुटी करा आणि सांगा, बिघडली आहे. माणूस दोनचार दिवस कुरकुरतो आणि सोडून देतो. भांडण नाही, अपमान नाही. मी कित्येक घरांना हे सांगितलं आणि बहुतेक घरांनी माझे आभार मानले.

ही युक्ती मी देवस्थळी काकांवर वापरली. नाव बदललंय; लिहायला काकूंची परवानगी घेतली आहे.

काका मूळ नागपूरचे, इथे मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळींत त्यांची ओळख मात्र एकच, 'रेडावाले काका'. रेडा म्हणजे त्यांची गाडी. हे नाव काकूंनी ठेवलं, कारण ती काळी होती आणि चालू झाली की फुरफुरायची. कंपनीचं नाव सांगत नाही. दुसऱ्या कंपनीचे भक्त माझ्या दारावर येतील, आणि दार आधीच वाकलेलं आहे. इथे हिला मसल कार म्हणतात. साठ-सत्तरच्या दशकातली दोन दारांची साधी गाडी, आणि तिच्यात कोंबलेलं आठ सिलिंडरचं अवाढव्य इंजिन. कारकुनाच्या छातीत पैलवानाचं काळीज. पेट्रोलला अधाशी, वळणावर बेभरवशाची, ब्रेक नावापुरते. सरळ रस्त्यावर मात्र पाय दाबला की पाठ सीटला चिकटते आणि पोट मागच्या सिग्नललाच राहतं.

काका शिकायला आले तेव्हा पेट्रोल महागलं होतं. सगळ्यांना छोट्या गाड्या हव्या होत्या आणि ह्या धटिंगणांना कोणी विचारत नव्हतं. एकाच्या अंगणात ही गवतात उभी होती, काकांनी ती उचलली. मित्र म्हणाले, बाप्पा, वेडा झाला काय?

"मिलिंद, तुला सांगतो," काका मला एकदा म्हणाले होते. "ऑफिसात मी बोललो की लोक 'पार्डन?' म्हणायचे. मी अजूनच हळू बोलायचो. संध्याकाळी बाहेर येऊन किल्ली फिरवली, की सगळा पार्किंग लॉट वळून पाहायचा. त्या गाडीला कोणी पार्डन म्हटलं नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी शब्दांत सांगितली नाही, पण मी पाहिली. आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. रेड्याचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसायची. सगळं उघडं, सगळं हाताला येणारं. त्या गाडीचा एकही भाग असा नव्हता जो काकांनी काढून, पुसून पुन्हा बसवला नव्हता. दसऱ्याला झेंडूची माळ घालून काकू तिची पूजा करायच्या, पण तोंडाने पुटपुटायच्या, "एवढं तेल माझ्या केसांना लावलं असतं तर."

मागच्या वर्षी काकांची मुलगी केतकी हिचा फोन आला. ती इथेच जन्मली, वाढली, वकील आहे. "मिलिंदकाका, बाबा कीप्स गेटिंग लॉस्ट. परवा ग्रोसरीला गेले आणि दुसऱ्या गावातून फोन केला. डॉक्टर म्हणतात ड्रायव्हिंग टेस्ट करा."

ओळखीच्या माणसाची तपासणी मी करत नाही. तिला सहकाऱ्याचं नाव दिलं. संध्याकाळी खुद्द काकांचा फोन: "मी परक्या माणसाकडून नापास होणार नाही. व्हायचं तर घरच्याकडून होईन."  वरिष्ठांची परवानगी काढली.

रस्त्यावर सुरुवात ठीक झाली. हॉस्पिटलची गाडी ऑटोमॅटिक, पण काकांचा डावा पाय क्लच शोधत होता आणि उजवा हात मधूनच नसलेल्या गिअरवर जाऊन रिकामा परत येत होता. आम्ही दोघंही हसलो. मग शाळेजवळचा रस्ता आला. पिवळं जाकीट घातलेली बाई हातात थांबायची पाटी धरून रस्त्याच्या मध्यावर उभी होती आणि तिच्यामागून मुलं ओलांडत होती. काका सरळ चालले होते. शांतपणे, ठरलेल्या वेगाने. मी ब्रेक दाबला. दप्तर घेतलेली एक मुलगी बॉनेटसमोर थिजून उभी होती. तिच्या झिपऱ्यांतली क्लिप मला आजही दिसते.

"काहून थांबवली?" काकांनी विचारलं.

त्यांना ती बाई दिसली नव्हती. मुलंही नाही.

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर हॉस्पिटलची गाडी नव्हती. रेडा होता, त्याचं इंजिन, त्याचे नावापुरते ब्रेक, आणि माझ्या बाजूला काहीच नाही.

अहवाल मी खरा लिहिला. त्यात एक शब्दही मऊ केला नाही. पण तोंडाने सांगायची वेळ आली तेव्हा ऑफिसात काका समोर, शेजारी काकू, त्यांच्या मांडीवर माझ्यासाठी आणलेला चिवड्याचा डबा. अमेरिकन पेशंटला मी डोळ्यांत बघून सांगतो: माझा सल्ला आहे की तुम्ही यापुढे गाडी चालवू नये. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकतो. मराठीत ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "काका, जरा थोडे दिवस थांबू या."

"थांबू या नं," काका म्हणाले. "घाई कोणाला आहे?"

त्यांनी 'थोडे दिवस' ऐकलं. लायसन्स रद्द झालं, ते केतकीने परस्पर हाताळलं. आणि थोडे दिवस झाल्यावर काका गॅरेजकडे निघाले.

केतकीने मला विचारलं, काय करू? मी माझी युक्ती सांगितली. किल्ली लपवून उपयोग नव्हता. त्या गाडीला किल्ली म्हणजे नुसती औपचारिकता, काकांनी दोन वायरी जोडून ती कित्येकदा चालू केलेली. बॅटरीची वायर सुटी केली तर त्यांना पहिल्या नजरेत दिसली असती. तेव्हा मी डोकं चालवलं. इंजिनावर डिस्ट्रिब्युटरची टोपी असते, तिच्याखाली अंगठ्याएवढा एक तुकडा बसतो, रोटर. तो फिरत राहतो आणि एकेका सिलिंडरला ठिणगी वाटतो. तो काढला की इंजिन नुसतं गरगरतं, पेटत नाही. केतकीने व्हिडिओ बघून तो काढला आणि घरात सापडेल म्हणून माझ्याकडे ठेवायला दिला. मी तो मोज्यांच्या खणात टाकला. काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. त्यांना नको बोलू बाबा काही."

त्यानंतर काकूंचा फोन आला तो सर्दी झाल्यासारख्या आवाजात. "एकदा येऊन जा."

गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी सगळे डबे उपडे केले होते. खिळे, स्क्रू, वॉशर, जुने प्लग वर्तमानपत्रांवर रांगेत मांडलेले. काका गुडघ्यांवर बसून शेवटच्या डब्यात बोटं फिरवत होते.

"काय शोधताय काका?"

"रोटर. काढला आणि कुठे ठेवला आठवूनच नाही राहिलं."

"तुम्ही काढलात?"

"मीच काढला असणार. ह्या गाडीला दुसरं कोण हात लावतं?" ते उठले. माझ्या हाताला धरून उठावं लागलं. "नावं विसरतो, ते ठीक आहे. म्हातारपणी सगळेच विसरतात. पण माझे हात कधी नव्हते विसरले रे. डोळे झाकून सुटा करून जोडायचो मी हिला."

"नवा मिळतो. मागवू का?" मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही.

"आणि तोही हरवला तर? मग काय काय नवीन मागवशील?" ते पुन्हा खाली बसले. "हरवलेला सापडायला पाहिजे."

काकू दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "सकाळी उठतात ते इथेच येतात. जेवायला बोलावलं तर येत नाहीत. कधी रडतात." मग माझ्याकडे न बघता, "मी काही बोलले नाही हो."

माझी युक्ती आजच्या गाड्यांसाठी होती. आजची गाडी बंद पडली की माणूस कंपनीला दोष देतो, मेकॅनिकला देतो. स्वतःला देत नाही, कारण त्याने तिच्यात हात घातलेलाच नसतो. रेडा बंद पडला तर दोष द्यायला जगात काकांशिवाय कोणी नव्हतं. त्यांच्या डोक्यातून गोष्टी खरोखरच चोरीला जात होत्या, आणि त्यात जी एक गोष्ट शाबूत होती ती आम्ही चोरली होती. आदरापोटी.

घरी येऊन मोज्यांच्या खणापाशी उभा होतो. मंजिरीने विचारलं, काय झालं. सांगितलं.

"म्हणजे ज्यांच्या घरी चोरी झाली, त्यांच्याकडे चोरच चौकशीला जाऊन आला," ती म्हणाली. "वर नवीन घेऊन देतो म्हणाला."

दुसऱ्या दिवशी रोटर रुमालात गुंडाळून गेलो. काका त्याच जागी होते. मी समोर जमिनीवर बसलो आणि तो त्यांच्या हातात दिला.

"हा तुम्ही हरवला नव्हता, काका. मी काढायला लावला. तुम्ही त्या दिवशी टेस्टमध्ये नापास झालात. रस्त्यात मुलं होती, तुम्हाला दिसली नाहीत. तुमचं लायसन्स गेलंय. तुम्हाला आता गाडी चालवता येणार नाही. थोडे दिवस नाही. कधीच."

त्यांनी रोटर उलटासुलटा केला. अंगठ्याने त्याची पितळी पट्टी पुसली.

"म्हणजे मी नाही हरवला," ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मला वाटलं, संपलं, सुटलो. मग त्यांनी वर पाहिलं. "मी शोधून राहिलो होतो, तेव्हा कोणाकोणाला माहीत होतं?"

मी काकूंकडे पाहिलं.

"हिला?"

काकू दारातच होत्या. त्यांनी मान डोलावली.

काका उठले. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, रोटर बसवला, टोपी लावली. हात एकदाही अडखळला नाही. गॅरेजचं दार उघडलं, माझ्यासारखं नाही, व्यवस्थित आधी उघडलं, आणि आत बसून किल्ली फिरवली. रेडा खोकला, आणि मग असा ओरडला की ओळीने मांडलेले वॉशर जमिनीवर थरथरायला लागले. मी जागचा हललो नाही. मला भीती वाटत होती की ते गिअर टाकतील, आणि माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता.

त्यांनी गिअर टाकला नाही. इंजिन ऐकलं आणि बंद केलं. मग पाना घेऊन बॅटरी सोडवली, दोन्ही हातांनी उचलून माझ्या पायाशी ठेवली.

"न्यायचं तर हे ने," ते म्हणाले. "हिची जागा रिकामी दिसते. रोटर झाकणाखाली असतो. झाकणाखालचं नाही न्यायचं."

त्या रात्री ते काकूंनी वाढलेलं जेवले नाहीत. केतकीने वाढलं, ते जेवले. असं बरेच दिवस चाललं, असं काकू सांगतात. मग तेही ते विसरले.

इथे गोष्ट संपवावी असं मला फार वाटलं. धंद्यात मी तरुण लोकांना शिकवतोही, तेव्हा इथेच संपवतो: सरळ सांगा, तोंडावर सांगा. पण गेल्या महिन्यात मंजिरी आणि मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारची वेळ होती. काका गॅरेजमध्ये, डबे उपडे, वर्तमानपत्रावर स्क्रू. मी सांगितलेलं सगळं ते विसरले होते. रोटर हरवल्याचं मात्र विसरले नव्हते.

"रोज असंच," काकू म्हणाल्या. चहाचा गॅस बंद करून त्या बाहेर आल्या, आम्हीही मागे. त्यांनी बॉनेट उघडलं. ह्या बाईंनी जन्मात त्या गाडीला झेंडूशिवाय काही लावलं नव्हतं. आता सराईतपणे टोपी काढली.

"हा बघा. जागेवर आहे. तुम्ही नाही हरवला."

"अरे! इथेच आहे नं!" काकांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली. "बॅटरी कुठे आहे?"

"तुम्हीच काढून दिली."

"मी? काहून?"

"तुम्हाला आता गाडी चालवता येत नाही म्हणून."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

काकांनी काकूंकडे असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्यांना थोबाडीत मारली होती. आणि त्यांच्यापुरती ती पहिलीच होती. ते पाठ फिरवून उभे राहिले. काकू टोपी लावून, बॉनेट मिटून, हात पदराला पुसत तिथेच थांबल्या. थोड्या वेळाने काका म्हणाले, "चहा झाला काय?" आणि दोघं आत गेले.

मी ते डबे आवरायला लागलो. काकूंनी आतून सांगितलं, "राहू दे. उद्या लागतात."

परतताना मी चालवत होतो. हायवेला लागलो, मोठ्या ट्रकमागून लेन बदलली. मंजिरी खिडकीबाहेर बघत होती. काकांची बॅटरी अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे, त्या फुगलेल्या दाराच्या आत, आणि केतकी म्हणते ती राहू दे तिथेच.  मी विचारलं, "माझ्यावर अशी वेळ आली तर तू काय करशील?"

"तोंडावर सांगेन," ती म्हणाली.

आणि थोड्या वेळाने, बाहेरच बघत:

"इंडिकेटर बंद कर. मघापासून वाजतोय."